डाबचं दव, सोलंगचा बर्फ

९ जानेवारी, शहादा. रात्रीचे दहा.

सकाळी भावाने मोबाइल पुढे केला. सातपुड्यातल्या डाब गावात रात्री दव गोठलंय. गवतावर, जीपच्या टपावर पांढरा थर. आजी फोटो बघून म्हणाली, "माय व, आठे बी बरफ पडना!" तिला सांगितलं, हा वरून पडलेला नाही. आभाळ मोकळं, वारा पडलेला, जमीन गारठत जाते आणि गवतावरचं दव जागच्या जागी गोठतं. ऊन चढलं की संपलं. सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, "मंग तू जठे घसरनी, ते कसं व्हतं?"

तेव्हापासून सोलंगच डोळ्यांसमोर आहे.

मागच्या फेब्रुवारीत भाच्याला घेऊन चार दिवस तिथे बर्फावर स्कीइंग शिकायला गेले होते. मनालीहून रोज तेरा-चौदा किलोमीटर जीपने. तिथे रोपवे आहे, पण आम्हा नवशिक्यांचा उतार वेगळा आणि लहानसा. स्की म्हणजे बुटांना अडकवायच्या लांब पट्ट्या. त्या उताराला आडव्या ठेवायच्या, कडा बर्फात रुतवायच्या आणि खेकड्यासारखं एकेक पाऊल वर सरकायचं. पंधरा मिनिटं चढायचं, अर्ध्या मिनिटात खाली.

बूट प्लास्टिकचे, कडक. नडगी बुटाला टेकवून पुढे झुकायचं असतं. पण उतार दिसला की अंग आपोआप मागे जातं, आणि मागे गेलं की स्की पायाखालून निसटतात. शिकवणारे भैया खालून ओरडायचे, "आगे दीदी, आगे!" थांबायचं तर पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, आतल्या कडा बर्फ खरवडतात आणि वेग मरतो. दोन दिवस मी पडूनच थांबत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पायांनी थांबले. खोबरं खवताना येतो तसा खर्रर्र आवाज झाला आणि मग एकदम शांतता. मी तिथेच उभी राहून रडले. इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

भाच्याने स्नोबोर्ड घेतला होता. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. टाचेच्या कडेवरून चवड्याच्या कडेवर जाताना तो आपटायचा. मनगट टेकायचं नाही, मूठ वळायची, हे त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्याच उतारावर आसपासच्या गावांतली सात-आठ वर्षांची पोरं काठ्यांशिवाय सुळकन निघून जायची. २०१८ मध्ये तुर्कस्तानात ब्राँझ जिंकणारी आंचल ठाकूर याच भागातल्या बुरुआ गावची. स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. त्या पोरांकडे बघताना ते मला मुळीच नवलाचं वाटलं नाही. आपल्याकडे पोरं पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत उतरतात, एका उन्हाळ्यात पोहायला लागतात. तिथे घरामागे उतार आहे.

आजीला शेवटी विहिरीचंच सांगितलं. मग तिला लगेच समजलं. बाबांच्या पाठीला डबा तिनेच बांधला होता. दोर कसा गुंडाळायचा ते तिने हवेत हात फिरवून दाखवलं. आणि म्हणाली, ते दव मला हातात घेऊन बघायचंय.

पहाटे चारला निघायचं ठरलंय. तिची शाल आणि लोकरीचे मोजे उशाशी काढून ठेवलेत.