दूरच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग, नोंद ४ : घसरण सुटली, पंखा बाकी

कॉलचं रेकॉर्डिंग आता फक्त जुळवाजुळवीपुरतं. खरा आवाज दोन्ही टोकांना आपापल्या यंत्रावर. नेट अडखळलं की कॉलमध्ये शब्द गिळले जातात आणि ते कुठल्याही फिल्टरने परत येत नाहीत. पुण्याच्या, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या, बाजूला डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटं, जरा तिरका. सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पीक म्हणजे आवाजाची सर्वांत उंच पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये. पाहुण्याचा कॉल लॅपटॉपवर, फोन नुसता रेकॉर्डर म्हणून फ्लाइट मोडवर. १६ बिट मोनो वेव्ह (एका चॅनेलची, न दाबलेली फाइल) तासाला ३४५ एमबी खाते; जागा आधीच रिकामी करून घ्या.

इअरफोन वायरचेच. ब्लूटूथचा माइक चालू झाला की सॅम्पलिंग बहुधा १६ किलोहर्ट्झवर, जुन्या हेडसेटवर ८ वर येतं आणि 'स', 'श' बोथट होतात.

या खेपेची डोकेदुखी म्हणजे घसरण, दोन्ही बाजूंच्या फाइली हळूहळू एकमेकींपासून सरकणं. सुरुवात चोख जुळवूनही तासाअखेर पाहुण्याचं 'हो' प्रश्न संपायच्या आत येतं. दोन यंत्रांची घड्याळं सारखी चालत नाहीत. दहा लाखांत ५० चा फरक म्हणजे तासाला १८० मिलिसेकंद. म्हणून पाहुण्याने टाळी दोनदा वाजवायची, आरंभी आणि शेवटी. त्याच्या फाइलमधली पहिली टाळी कॉलमधल्या टाळीवर बसवा, मग शेवटची जुळेपर्यंत फाइल ताणा (विंडोजवर रीपर या ऑडिओ-संपादन सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट दाबून कड ओढायची). ०.००५ टक्के ताण कुणाच्या बापाला कळत नाही. कॉलचा उशीर स्वतःच मागेपुढे होतो, तेव्हा २०-३० मिलिसेकंदांच्या मागे लागू नका. फरक मिनिटांत असेल तर मात्र घड्याळ निर्दोष: ४८ ची फाइल ४४.१ म्हणून वाचली गेली आहे. तासाची ६५ मिनिटं १८ सेकंद होतात, आवाजही जाडा होतो.

फरशीच्या खोलीतला घुमारा गोधडीने बराच बसतो, पण ती बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माइकचं तोंड तिकडेच असतं. रस्त्यावरच्या बसची घरघर ८० हर्ट्झच्या हाय-पासने (त्याखालचा खर्ज आवाज कापणाऱ्या फिल्टरने) कमी होते. हॉर्नला उपाय एकच, वाक्य पुन्हा म्हणणं.

पंखा उरला. नॉइज रिडक्शन जोरात लावलं की माणूस पाण्याखालून बोलतो. सध्या २० मिनिटं पंखा बंद, ५ मिनिटं चालू. मे महिन्यात पाहुणा कुरकुरणारच. मधल्या विश्रांतीत रेकॉर्डर मात्र थांबवायचा नाही, नाहीतर टाळ्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.