डाख बसला एकदाचा (दोन मिलिमीटर सोडून)

मंडळी, पाचवं घर पण वितळलं. त्याच अकीकाच्या अंगठीचं, म्हणजे खडा धरून ठेवणारी चांदीच्या पट्टीची गोल भिंत. मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की रविवारपर्यंत खडा बसवून फोटो टाकते, तर तो रविवार गेला, पुढचा पण गेला आणि माझ्याकडं चांदीचे पाच वेडेवाकडे गोळे जमलेत. डबीत ठेवलेत, मूस घेतली की वितळवीन.

रडगाणं तेच. पत्र्यावर घर ठेवायचं, सांध्याला डाखाचे (वितळून जोड धरणाऱ्या धातूचे) तुकडे लावायचे, टॉर्च मारायची, आणि डाख सांध्यात उतरायच्या ऐवजी सुर्रकन भिंतीवर चढून बसतो. खाली फट तशीच. पहिल्या दोन वेळा सवागीला (डाख नीट वाहावा म्हणून लावतात तो बोरॅक्स) शिव्या घातल्या, तिसऱ्या वेळी डाखाला. तो ऑनलाइन मागवलेला होता, वर नुसतं 'हार्ड' लिहिलेलं, आत काय आहे कुणाला ठाऊक. केडीएम असला तर? केडीएम म्हणजे कॅडमियम, त्याचा धूर फुप्फुसात गेला की वाट लागते, आणि मी बसते स्वयंपाकघराच्या ओट्यावर. तो फेकला आणि कोल्हापूरला जाऊन गुजरीतून (सराफ बाजारातून) विचारून विचारून बिनकॅडमियमचा आणला. निपाणीहून एसटीनं जाऊन यायला अर्धा दिवस मोडतो, पण समोर पट्टी वाकवून दाखवतात ते बरं वाटतं.

चौथं घर या नव्या डाखानं पण गेलं!

मी आपली निर्धास्त होते की घराची भिंत शुद्ध चांदीची, ती 961 डिग्रीला वितळते आणि खालचा 92.5 टक्के चांदीचा पत्रा 893ला, म्हणजे जायचाच तर आधी पत्रा जाईल. पण भिंत जेमतेम 0.3 मिमीची, पत्रा 0.7चा आणि वर आळशीपणानं चार सेंटिमीटरचा अख्खा चौकोन ठेवलेला, त्यामुळं सगळी उष्णता तो पितोय आणि भिंत केव्हाच लाल झालेली, आणि वर चढलेला डाख तिच्यात मुरला की ती 961ची राहतच नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे सोनारमामा आहेत, आता काम करत नाहीत. त्यांना गोळे नेऊन दाखवले. हातात घेऊन हसले आणि म्हणाले, "पोरी, तू घर भाजतैस, पत्रा नव्हं. डाख गरम जागंकडं पळतोय बघ." एवढंच. मग चहा.

घरी येऊन आधी पत्रा घराच्या भोवती दोन मिमी ठेवून कापला (करवतीचं 2/0 पातं मेण लावून वापरलं, एकच तुटलं, गेल्या वेळी अकरा तुटली होती, टाळ्या वाजवा). मग तिवईवर जाळी, जाळीवर काम आणि टॉर्च खालून. भिंतीला थेट ज्योत अजिबात नाही. खिडकी बंद. इतके दिवस भर दुपारी खिडकीत बसून करत होते, त्या उजेडात पत्रा लाल झालेला दिसणार कसा?

सवागीचं पण एक समजलं. (इथं दुकानात बिळीगार म्हणून मागायची, टाकणखार म्हटलं की पोरगं तोंडाकडं बघत बसतं.) खडा सहाणेवर पाण्यात उगाळून दुधासारखी लावली, पण तापल्यावर ती लाहीसारखी फुगते आणि डाखाचे तुकडे उडवून लावते. म्हणून आधी ज्योत लांबून फिरवून ती फुगून बसू दिली, तुकडे मग ठेवले. नंतर ती काचेसारखी होते, साधारण 740च्या आसपास, तिथून पुढं डोळा हलवायचा नाही. माझा मीडियम डाख त्याच सुमाराला वाहतो. घराचा स्वतःचा जोड हार्डनं केलाय, तो सुटू नये म्हणून खाली मीडियम, हा हार्डच्या आधी वितळतो.

आणि मग ती चकचकीत रेघ! सांध्यातून पाऱ्यासारखी गोल फिरली. मी एवढ्यानं ओरडले की आई देवघरातून पळत आली, तिला वाटलं भाजलं.

लिंबूसताच्या कोमट पाण्यात टाकलं, बांबूच्या चिमट्यानं. लोखंडी चिमटा घालून सगळी चांदी गुलाबी करून घ्यायचा पराक्रम कुड्यांच्या वेळी झालाय. धुवून बघितलं तर एका बाजूला दोन मिमी फट. उजेडाला धरली की आरपार दिसते.

तिथं बाहेरून एक तुकडा लावून परत तापवणार होते, पण आत्ता हे टाईप करता करता डोक्यात आलं की तुकडा आतून ठेवला तर? डाख आतून बाहेर येईल आणि बाहेरची कानस वाचेल. खडा बसला की आतलं कोण बघतंय. म्हणजे जोडव्यांचा बेत पुढं ढकलला, तसंही त्याची तार परत आणायचीय, व्हिडिओतली 20 गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) 0.81 मिमी आणि आपल्याकडं मिळाली ती 0.91, व्हर्नियर लावला तेव्हा कळलं.

लाईट गेलीय, अंधार मस्त आहे. टॉर्चमधे गॅस भरते.