मावशींची निसटणारी चप्पल

तरडगाव सोडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. माझ्यापुढे दोन रांगा सोडून एक मावशी चालत होत्या, डोक्यावर तुळशीवृंदावन. टाळांच्या ठेक्यावर सगळ्या दिंडीची पावलं पडत होती आणि त्यात एकाच पायाचा आवाज वेगळा उमटत होता. दर दुसऱ्या पावलाला फट्. पाऊल टेकताना आधी टाच टेकते, मग पुढचा पाय हळूच खाली येतो. मावशींचा उजवा पाय हळूच येत नव्हता, आपटत होता. थोड्या वेळानं त्या पायातली चप्पल निसटली. त्यांनी वृंदावन एका हातानं सावरलं, चप्पल पायात सरकवली आणि निघाल्या. शंभरेक पावलांवर ती पुन्हा निसटली.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. खुब्यापासून तळव्यापर्यंतचा भाग दरवर्षी माझ्याकडे असतो. देहदान केलेल्या माणसाचा पाय टेबलावर असतो. त्याला नमस्कार करून आम्ही कातडी सोडवायला घेतो. स्नायू बाजूला सारायचा, त्याखालची नस दाखवायची, नसेशेजारची रोहिणी दाखवायची, पुढे सरकायचं. इतक्या वर्षांत हा पाय मला तोंडपाठ झाला होता. पण तो निजलेला पाय. चालणारा पाय मी आळंदीहून निघाल्यावर पाहू लागले, स्वतःचा आणि पुढच्या-मागच्या माउलींचा.

पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यांत लांबचा टप्पा, आणि त्यातच दिवे घाट. घाट चढून गेल्यावर जो तो म्हणत होता, पोटऱ्या भरून आल्या. हा शब्द किती नेमका आहे ते तेव्हा उमगलं. पोटरीचा जो गोळा हाताला लागतो तो गॅस्ट्रोक्नेमियस. त्याचे दोन फाटे गुडघ्याच्या लवणीच्या दोन्ही बाजूंना मांडीच्या हाडावरून निघतात. त्याच्या खाली दडलेला, रुंद आणि चपटा असा सोलियस. तो गुडघ्याच्या खालूनच, नडगीच्या आणि तिच्या शेजारच्या बारीक हाडावरून निघतो. दोन्ही मिळून एकच जाड कंडरा होते, अ‍ॅकिलिस टेंडन, आणि ती टाचेला धरते. चढावर प्रत्येक पावलाला अख्ख्या शरीराचं वजन या एका दोरावर उचललं जातं. धावताना, उडी मारताना गॅस्ट्रोक्नेमियस जोर लावतो. सोलियसमध्ये मात्र सावकाश चालणारे, लवकर न थकणारे तंतू फार, म्हणून दिवसभराचं चालणं आणि उभं राहणं त्याच्यावर. सोलियस हे नाव लॅटिनमधल्या चपलेच्या शब्दावरून पडलं आहे, कारण त्याचा आकार तसा आहे. विद्यार्थ्यांना हे मी नेहमी सांगते, पण ज्या वाटेवर चपलांनाही मान आहे तिथे ते आठवलं तेव्हा छान वाटलं.

जेजुरीला गड चढताना त्रास झाला नाही. उतरताना पायऱ्यांवर पाय लटपटत होते आणि खरं दुखणं दोन दिवसांनी उगवलं. नीरेला सकाळी खाली बसवेना, बसलं तर उठवेना, मांड्या नुसत्या हात लावला तरी ठणकत होत्या. शेजारच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हे लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं ना?" हा समज फार पसरलेला आहे. लॅक्टिक अ‍ॅसिड थांबल्यावर तास-दोन तासांतच निवळतं, दोन दिवस राहत नाही. उतरताना मांडीचा पुढचा चार भागांचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, ब्रेकचं काम करतो. गुडघा वाकत असतो, म्हणजे स्नायू लांब होत असतो, आणि त्याच वेळी तो ताण धरून आपल्याला कोसळू देत नाही. लांब होता होता जोर लावावा लागला की त्याच्या तंतूंत बारीक बारीक इजा होतात. त्या भरून येताना स्नायू दुखतो, आणि हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे पाय नवा होतोय." मी हो म्हटलं.

चालून चालून पाय सुजतील अशी भीती घरच्यांनी घातली होती. माझे पाय चालताना सुजलेच नाहीत. सुजले ते चांदोबाच्या लिंबाला, उभं रिंगण पाहताना. अश्व दौडत यायची वाट पाहत दीड-दोन तास एकाच जागी उभी होते. डोळ्यांचं पारणं फिटलं, पण संध्याकाळी तरडगावच्या मुक्कामावर मोजे काढले तर घोट्यावर मोज्याच्या काठाचा खोल वळ. बोटानं दाबलं तर खड्डा पडून राहत होता.

या विषयात मला सगळ्यांत जास्त मोह पडतो तो इथे. हृदय रक्त तळव्यापर्यंत ढकलतं, पण ते परत वर, हृदयापर्यंतची सगळी उंची, कोण चढवतं? नीलांच्या भिंती पातळ, त्यांच्यात स्वतःचा जोर नाही. ते काम पोटरी करते. सोलियसच्या आत रक्त साठवणाऱ्या रुंद नीला असतात. पाऊल टाकताना स्नायू आवळला की त्या पिळल्या जातात आणि रक्त वर जातं. ढिला पडला की रक्त परत खाली यायला पाहतं, पण नीलांमध्ये झडपा असतात, त्या मिटतात. खालची जागा रिकामी होते, तिथे त्वचेजवळच्या नीलांतलं रक्त शिरतं, पुढचं पाऊल पडतं. नुसतं स्थिर उभं राहिलं तर घोट्याजवळच्या नीलेतला दाब ९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास जातो. चालायला लागलं की काही पावलांतच तो २०-३० पर्यंत उतरतो. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते शोभेसाठी नाही. वर्गात हे मी फळ्यावर बाण काढून शिकवते. तरडगावला स्वतःच्या घोट्यावरचा खड्डा पाहत होते आणि दिवसभर चाललेल्या माउलींचे सडपातळ घोटे शेजारी दिसत होते.

ज्यांच्या झडपा निकामी होतात त्यांच्या पायावर नीला फुगून वेटोळी दिसतात. वारीत असे पाय पुष्कळ दिसले. घोट्याच्या आतल्या हाडाच्या पुढून निघून जांघेपर्यंत जाणारी ग्रेट सॅफेनस ही शरीरातली सगळ्यांत लांब नीला, आणि बहुतेक वेटोळी तिच्याच वाटेवर असतात. उभ्यानं काम करण्यात आयुष्य गेलेल्या बायका त्या वेटोळ्यांना "शिरा फुगल्यात" एवढंच म्हणतात आणि चालू लागतात. त्यांना चालल्यानं बरं वाटतं, ते खरंच आहे.

त्याच रात्री मालिशच्या सेवेत बसलेल्या एका आजोबांना मी बघत होते. तेल लावून ते घोट्यापासून गुडघ्याकडे दाबत नेत, खाली येताना हात नुसता फिरवत. मी विचारलं, असं का. "खालून वर न्यायचं, मग पाय हलका होतो." झडपांची दिशा त्यांच्या हाताला ठाऊक होती. त्यांच्यासमोर एक गृहस्थ येऊन बसले, लांबून गाडीनं येऊन दोनच दिवसांपूर्वी दिंडीला मिळालेले. उजवी पोटरी ठीक होती. डावी फुगलेली, तांबूस, हाताला गरम. मी आजोबांचा हात धरला. एकाच पायाची पोटरी अशी झाली तर आतल्या खोल नीलेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. चोळली तर ती सुटून फुप्फुसात जायचा धोका. ज्यांना मालिश करायची किंवा करून घ्यायची सवय आहे त्यांनी एवढं पक्कं लक्षात ठेवावं: दोन्ही पाय दुखतात तो शीण, एकच पाय सुजून गरम होतो तिथे तेलाचा हात नको, डॉक्टर हवा. आम्ही त्यांना रुग्णवाहिकेतून पाठवलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा फट् आवाज.

विसाव्याला मावशींजवळ जाऊन बसले. पाय कधीपासून असा आपटतो, विचारलं. "परवापास्नं. बोटं वर येईनात. बधिर झालाय वरनं." कंबर दुखते का? नाही. मांडीतून कळ जाते का? नाही. मी म्हटलं, चवड्यांवर उभं राहून दाखवा. सहज उभ्या राहिल्या. आता टाचांवर. डावा चवडा वर आला, उजवा जमिनीला चिकटून राहिला. पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगितलं, तर नीट वळलं.

माझ्या डोळ्यांपुढे टेबल आलं. कमरेतून निघणारी सायॅटिक ही शरीरातली सगळ्यांत जाड नस. मांडीच्या मागून उतरून गुडघ्याच्या लवणीच्या वरच्या बाजूला तिचे दोन फाटे होतात. एक टिबियल, तो लवणीतून सरळ खाली पोटरीत जातो. चवड्यांवर उभं करणारा आणि पाऊल आत वळवणारा हाच. तो शाबूत होता. दुसरा कॉमन पेरोनियल. तो बाहेरच्या अंगाला वळतो आणि गुडघ्याखाली, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून पुढे येतो. तिथे त्याच्यावर ना मांस ना चरबी, वर नुसती कातडी आणि खाली हाड. पाऊल वर उचलणारे नडगीपुढचे सगळे स्नायू याच्या हुकमतीत. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या बेचक्यात मी गवताची काडी फिरवली. डाव्या पायाला मावशींनी पाय मागे घेतला, उजव्याला विचारलं, "लावली का?"

लुगडं थोडं वर घ्यायला सांगितलं. गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली होती आणि तिची गाठ बाहेरच्या बाजूला, बरोबर त्या हाडाच्या मानेवर.

"जेजुरीपास्नं गुडघं धरलं, म्हणून आवळलं. रातीबी सोडत न्हाई."

गाठ इतकी घट्ट होती की दातांनी सोडवावी लागली. खाली कातडीत गाठीचा ठसा उमटला होता. हाडाच्या मागं बोट ठेवून मी हलकेच टिचकी मारली, तशी मावशींच्या नडगीतून पार पावलापर्यंत झिणझिण गेली. त्या दचकल्या, मी मात्र आनंदले, कारण नस जिवंत होती. दाबाखाली तिचं आवरण दुखावलं होतं, आतला तंतू तुटलेला नव्हता असा माझा अंदाज होता. फलटणला वैद्यकीय पथकाच्या डॉक्टरांनीही पाहिलं, साखर तपासली. ती ठीक निघाली. पट्टी बांधायची नाही, उकिडवं बसायचं नाही, एकावर एक पाय टाकायचा नाही एवढं त्यांनी बजावलं. वाहनातून पुढे जा असंही सांगितलं. मावशींनी हात जोडले आणि नाही म्हणाल्या.

मग चपलेचं काय? मुक्कामावर चपला शिवून देणारे एक काका सेवेला बसले होते. त्यांना दाखवलं. त्यांनी टाचेमागून एक पट्टा घेतला, आणि पुढच्या अंगठ्यापासून घोट्यापर्यंत दुसरा, थोडा ताणून, म्हणजे चवडा खाली पडला तरी चप्पल त्याला वर धरील. इस्पितळात पाऊल वर ठेवायला प्लॅस्टिकचा आधार देतात, त्याचं तत्त्व हेच. काकांना मी फक्त एवढंच म्हटलं होतं की बोटं वर येत नाहीत.

पुढचे दिवस मी मावशींच्या मागेच चालले. बरड, नातेपुते, माळशिरस. आवाज कानात धरून चालत होते. माळशिरसच्या पुढे कधीतरी फट् सौम्य झाला. वेळापूरच्या अलीकडे, धावा करताना, जिथून कळस दिसला म्हणून तुकोबा धावले असं सांगतात, सगळे पळत सुटले. मी मावशींचा दंड धरून ठेवला. त्या म्हणाल्या, "सोड गं बाई." पण थांबल्या.

वाखरीला रिंगण झाल्यावर तंबूत त्या पाय पसरून बसल्या होत्या. मी समोर बसले. चप्पल काढली, टाच माझ्या तळहातावर घेतली आणि म्हटलं, अंगठा वर करा. नडगीच्या बाहेरच्या अंगाला, कातडीखाली, एक दोर हलला. मग घोट्यापुढून अंगठ्याकडे जाणारी कंडरा उठून आली, एखाद्या वीणेची तार ताणावी तशी, आणि अंगठा वर आला. फार तर दोन बोटं. लगेच थकून खाली पडला. मावशींनी पुन्हा उचलला.

त्या कंडरेच्या शेजारीच पावलावरची रोहिणी उडत होती. मी तिच्यावर बोट ठेवून बसले होते, आणि बाहेर पंढरपूरला निघायचा कर्णा वाजला.