लोंढ्याहून हावड्याला, आणि हावड्याच्या खाली: कोलकात्याची भुयारी रेल्वे

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडच्या माणसाला कोलकाता फार दूर वाटते, परंतु वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस आपल्या लोंढा जंक्शनवर थांबते आणि धारवाड, हुबळी, गुंतकल, विजयवाडा असा पल्ला गाठत थेट हावडा शहरातील शालीमार स्थानकात नेऊन सोडते. वाटेत कोठेही गाडी बदलावी लागत नाही. ही गाडी रोज नसते, त्यामुळे आरक्षण बरेच आधी करावे आणि परतीचे तिकीट त्याच वेळी काढून ठेवावे. प्रवासाला दीड दिवसाहून अधिक वेळ लागतो. आम्ही भाकरी, शेंगाचटणी आणि दशम्या बरोबर घेतल्या होत्या व त्या पहिल्या दिवशी पुरल्या.

शहराच्या मुख्य हावडा स्थानकाच्या खालीच भुयारी रेल्वेचे, म्हणजे मेट्रोचे, स्थानक आहे. शहरात जाण्यासाठी पूर्वी पुलावरून बसने किंवा घाटावरून नावेने हुगळी ओलांडावी लागे. आता नदीखालूनही जाता येते. आमची गाडी पोहोचली तेव्हा रात्र झाली होती, म्हणून आम्ही हावड्यातच मुक्काम केला आणि सकाळी मेट्रोकडे वळलो. तुमची गाडी उशिरा येणार असेल तर तुम्हीही असेच करावे, कारण मेट्रो रात्रभर चालत नाही आणि सामानासह अनोळखी शहरात धावपळ करण्यात अर्थ नाही. हावड्याचा मेट्रो फलाट जमिनीखाली सुमारे ३० मीटर खोल असून देशातील सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते. एकामागून एक सरकते जिने उतरावे लागतात. गुडघेदुखी असलेल्यांनी सुरुवातीलाच लिफ्टची चौकशी करावी. फलकांवर बंगाली व इंग्रजीबरोबर हिंदीही असल्यामुळे देवनागरी वाचणाऱ्या ज्येष्ठांना कोणाला विचारत बसावे लागत नाही.

हावडा आणि महाकरण या दोन स्थानकांच्या दरम्यान गाडी हुगळीच्या तळाखालून जाते. नदीखालचा भाग सुमारे ५२० मीटरांचा आहे आणि तो ४५ सेकंदांत संपतो. नदी केव्हा सुरू झाली हे कळावे म्हणून बोगद्यात निळे दिवे लावले आहेत. ते दिसावेत यासाठी दाराजवळच्या काचेशी उभे राहावे व कार्यालयांची वेळ टाळून दुपारी जावे. येथील जोडबोगदे २०१७ मध्ये ‘रचना’ आणि ‘प्रेरणा’ अशी नावे दिलेल्या दोन यंत्रांनी खणले आणि मार्च २०२४ मध्ये भारतातील नदीखालची पहिली मेट्रो येथून धावू लागली. परंतु ही कल्पना शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे, हे तेथे उभे असताना अवश्य आठवावे. हार्ली डॅलरिंपल-हे या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये कोलकाता व हावडा यांना नदीखालून जोडणाऱ्या रेल्वेचा आराखडा दिला होता. पैशांअभावी तो बारगळला. त्याच अभियंत्याने पुढे वीज कंपनीच्या तारा नेण्यासाठी हुगळीखालून एक बोगदा बांधला, तो १९३१ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे हुगळीच्या तळाखालून माणसे जाण्याच्या कितीतरी आधी वीज गेली.

पंचेचाळीस सेकंदांसाठी कोलकात्याला जावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ‘नाही’ असेच राहील. जावे ते दोन वेगळ्या काळांतील भुयारी रेल्वे एकाच शहरात, एकाच तिकिटावर पाहता येतात म्हणून. त्यासाठी एस्प्लनेड या स्थानकात उतरावे.

एस्प्लनेडला हावड्याहून नदीखालून येणारी नवी हिरवी मार्गिका आणि जुनी निळी मार्गिका एकत्र येतात. माझ्याबरोबर आमचे दाजी होते. त्यांची उभी नोकरी लोंढा ते मिरज या पट्ट्यात रेल्वेत झालेली. हिरव्या मार्गिकेच्या फलाटावर रुळांना अडवणाऱ्या काचेच्या भिंती असून गाडी थांबल्यावरच त्यांची दारे उघडतात, त्यामुळे तेथे रूळ नीट दिसत नाहीत. जुन्या मार्गिकेचा फलाट मात्र उघडा आहे. तेथे येताच दाजींनी वाकून रुळांकडे पाहिले आणि म्हणाले, “हे तर आपलं ब्रॉडगेज!” त्यांचे निरीक्षण अचूक होते. गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर; निळी मार्गिका आपल्या रेल्वेप्रमाणे १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर बांधली आहे आणि हिरवी मार्गिका १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर. एका मार्गिकेची गाडी दुसऱ्या मार्गिकेवर कधीच जाऊ शकत नाही. बदल करायचा तो प्रवाशाने, चालत. ज्यांनी मिरजेला पुण्याकडची ब्रॉडगेज गाडी सोडून, सामान डोक्यावर घेऊन बेळगावची मीटरगेज गाडी पकडली आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. आपल्याकडचा तो त्रास नव्वदच्या दशकात संपला. कोलकात्यात रुळांमधील फरक कायम राहणार आहे, पण मार्गदर्शक फलक व सरकते जिने असल्याने त्याची झळ प्रवाशाला फारशी लागत नाही.

जुन्या मार्गिकेच्या रुंद रुळांचे कारण तिच्या जन्मात सापडते. ती भारतीय रेल्वेने बांधली आणि आजही कोलकात्याची मेट्रो रेल्वेच चालवते. २०१० पासून तिला रेल्वेच्या स्वतंत्र विभागाचा, म्हणजे झोनचा, दर्जा आहे. देशात अन्यत्र कोठेही मेट्रो थेट रेल्वेच्या हाती नाही. २९ डिसेंबर १९७२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर हा अवघा ३.४ किलोमीटरचा, पाच स्थानकांचा टप्पा सुरू झाला. दिल्लीची मेट्रो त्यानंतर अठरा वर्षांनी आली. पहिल्या टप्प्यालाच एवढी वर्षे का लागली, हे समजण्यासाठी पायाखालच्या मातीकडे पाहावे लागते.

आपण बोगदे पाहिलेले असतात ते लोंढ्याच्या पश्चिमेला, कॅसलरॉक ते कुळे या घाटात. तेथे डोंगराचा खडक फोडावा लागतो, परंतु एकदा फोडला की तो स्वतःचा भार पुष्कळसा स्वतः पेलतो. कोलकाता नदीच्या गाळावर वसलेले आहे. थोडे खणले की पाणी लागते आणि मऊ चिकणमाती आत ढासळू पाहते. म्हणून निळ्या मार्गिकेचा बहुतेक भुयारी भाग वरून खणून बांधला आहे: रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आधी खोल काँक्रीटच्या भिंती घालायच्या, मधली माती काढायची, तळ व छत घालून लांबच लांब पेटी तयार करायची आणि तिच्यावर पुन्हा रस्ता करायचा. हे काम शहराच्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांवर, खालचे पाण्याचे नळ, गटारे व तारा हलवत वर्षानुवर्षे चालले. आज आपण थंड गाडीत बसून काही मिनिटांत जातो, त्या रस्त्यांवरच्या दुकानदारांनी व रहिवाशांनी दशकभराहून अधिक काळ खड्ड्यांच्या काठाने दिवस काढले आहेत. मला या रेल्वेतील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते आणि ती कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही.

श्यामबाजार ते बेलगाछिया हा टप्पा मात्र याला अपवाद आहे. तेथे वर कालवा आणि रेल्वेचे यार्ड असल्याने रस्ता उकरण्याची सोयच नव्हती. म्हणून आत हवेचा दाब वाढवून पाणी रोखून धरायचे आणि पोलादी ढालीच्या आडोशाने पुढे सरकत खणायचे, अशी पद्धत वापरली गेली. मुद्दाम श्यामबाजारला उतरून फलाटाच्या टोकाकडून बोगद्याचे तोंड पाहावे. वरून खणलेला बोगदा चौकोनी असतो आणि ढालीने खणलेला गोल. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढच्या प्रवासात आपण आपोआप तो शोधू लागतो. फलाटावरील पिवळ्या रेषेच्या पुढे मात्र मुळीच जाऊ नये. या मार्गिकेवर वरची तार नसून रुळांच्या बाजूच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टचा वीजपुरवठा होतो. लहान मुले बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नये.

हिरव्या मार्गिकेवरून एस्प्लनेडच्या पुढे सियालदहला अवश्य जावे, पण त्याआधी बऊबाजारची हकीकत जाणून घ्यावी. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ‘चंडी’ नावाचे यंत्र या वस्तीखाली खणत असताना पाण्याने भरलेल्या थरात शिरले. पाणी व माती बोगद्यात घुसली, वरची जमीन खचली आणि जुन्या अरुंद गल्ल्यांतील घरे कोसळली किंवा तडकली. शेकडो लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी घरे सोडावी लागली. चंडी तेथेच अडकली. उरलेले खणकाम पुढे ‘ऊर्वी’ या दुसऱ्या यंत्राने केले. २०२२ मध्ये पुन्हा तडे गेले. नदीखालचे काम निभावले आणि संकट कोसळले ते वस्तीखाली, ही गोष्ट मला फार विचार करण्याजोगी वाटते. यामुळेच ही मार्गिका काही काळ दोन तुकड्यांत चालत होती; २२ ऑगस्ट २०२५ रोजी एस्प्लनेड ते सियालदह हा मधला दुवा सुरू झाला आणि हावडा मैदान ते सॉल्ट लेक सेक्टर फाइव्ह हा १६.६ किलोमीटरचा, १२ स्थानकांचा मार्ग सलग झाला. हावडा व सियालदह ही दोन मोठी रेल्वे टर्मिनस आता भुयाराने जोडली गेली आहेत. दार्जिलिंगकडे जाणाऱ्यांना सियालदहची गाडी धरायची असते, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

निळ्या मार्गिकेवर एक स्थानक केवळ पाहण्यासाठी राखून ठेवावे, ते रवींद्र सदन. तेथील भिंतींवर रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांच्या मोठ्या प्रतिकृती आहेत. खोडलेल्या ओळींना जोडत जोडत त्यांनी काढलेल्या आकृत्या तेथे निवांत पाहता येतात. दोन गाड्या सोडून द्याव्या लागल्या तरी हरकत नाही. कालीमंदिरासाठी कालीघाट स्थानक आहे. याच मार्गिकेचे उत्तर टोक म्हणजे दक्षिणेश्वर, जेथे २०२१ पासून मेट्रो जाते. स्वामी विवेकानंद १८९२ मध्ये बेळगावात राहिले होते आणि आपल्या किल्ल्यात रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, त्यामुळे बेळगावकर कोलकात्यात आला की दक्षिणेश्वरला जातोच. त्याने टॅक्सीऐवजी एस्प्लनेडहून मेट्रोने जावे. बेलगाछियानंतर गाडी भुयारातून वर उंच पुलावर येते आणि शहराचा उत्तर भाग खिडकीतून दिसत राहतो. मंदिर स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर आहे.

तिकिटांचे दर किरकोळ आहेत, परंतु प्रत्येक वेळी टोकनाच्या रांगेत थांबण्यापेक्षा पहिल्याच दिवशी स्मार्ट कार्ड घ्यावे; ते सर्व मार्गिकांवर चालते. सकाळी व संध्याकाळी कार्यालयांच्या वेळी निळ्या मार्गिकेवर उभे राहण्यासही जागा मिळत नाही, तेव्हा पिशव्या घेऊन चढू नये. रविवारी सेवा उशिरा सुरू होते. दक्षिणेकडील शेवटचे स्थानक कवी सुभाष हे खांबांना तडे गेल्यामुळे जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आले आणि गाड्या त्याआधीच्या शहीद खुदीराम स्थानकापर्यंतच जाऊ लागल्या. त्या बाजूला जायचे असल्यास आधी चौकशी करावी. विमानाने येणाऱ्यांना ऑगस्ट २०२५ पासून विमानतळाजवळच पिवळ्या मार्गिकेचे जय हिंद स्थानक मिळते. तेथून नोआपाड्याला यावे आणि निळ्या मार्गिकेची गाडी धरावी. तीच गाडी श्यामबाजारवरून एस्प्लनेडला येते, त्यामुळे गोल आणि चौकोनी बोगद्यांतील फरक त्यांना आल्या दिवशीच पाहता येईल.