रविवार, कूलंट आणि अडीच लिटरचं गणित
आज सकाळ गाडीचं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) बदलण्यात गेली. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. खालचा ड्रेन प्लग सोडला तरी इंजिन ब्लॉकमध्ये बरंच उरतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटर फुल गरमवर ठेवून गाडी चालू करायची, गार झाली की रिकामी. स्वच्छ पाणी येईपर्यंत.

बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. आत पाणी उरलेलं असताना रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं कूलंट) ओतलं की मिश्रण पातळ होतं. ५ लिटरच्या सिस्टीमला आधी अडीच लिटर, म्हणजे निम्मं, कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट), मग वर डिस्टिल्ड वॉटर. (नळाचं नकोच, क्षार धरतात.)

इंजिन तापलं तरी हीटरची हवा गारच? कूलंटच्या मार्गात हवा अडकलीय. आणि जुनं कूलंट गटारात नको. गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.