ॲन आर्बरचे शनिवार

मुलानं फोनवर सांगितलं, "बाबा, फुटबॉलचा सीझन सुरू झालाय, बरोबर वेळेवर येताय." मी खूश. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ ह्या तालमी-मंडळांचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की आमच्या घरात स्वयंपाक लवकर उरकायचा, एवढं मला फुटबॉलचं वेड. सप्टेंबर 2023च्या शेवटी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला उतरलो आणि पहिल्याच शनिवारी टीव्हीवर बघतो तर काय, न सोललेल्या नारळाच्या आकाराचा बॉल काखेत मारून गडी पळतायत. पायाचा संबंध अधूनमधून, तोंडी लावण्यापुरता. ह्याला फुटबॉल का म्हणायचं, हे मी तिथं भेटलेल्या प्रत्येकाला विचारलं. प्रत्येक जण हसला. उत्तर कुणी दिलं नाही.

दहा वर्षांच्या नातवानं मला शिकवायला घेतलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर बॉल समोरच्याला. कबड्डीतल्या चढाईसारखंच की, मी म्हटलं. फक्त इथं अकराच्या अकरा एकदम अंगावर येतात, पाच-सहा सेकंदांत ढिगारा होतो, मग शिट्टी, मग खलबतं, मग जाहिरात. ह्या थांबण्याचा मला सुरुवातीला फार कंटाळा यायचा.

मुलाचं घर मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे, त्यांना मी मनातल्या मनात अण्णा म्हणायचो. घरच्या मैदानावर सामना असला की अण्णा सकाळी सातलाच अंगणात. हिरवळीवर पावलं टाकत अंतर मोजायचं, पुठ्ठ्यावर "40 डॉलर" लिहून फाटकाशी लावायचं आणि लांबून आलेल्यांच्या गाड्या अंगणात घ्यायच्या. स्टेडियमच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये अनेक घरांत हाच उद्योग. दुसऱ्या खेपेला मी मदतीला उतरलो. अण्णांनी माझ्या हातात नारिंगी फडकं दिलं. "ये, ये, अजून ये, डावीकडं काप... बस्स!" हे सगळं मराठीतच. एकाही ड्रायव्हरची अडचण झाली नाही. त्या अंगणात अकरा गाड्या बसतात. मी बारावी बसवून दाखवली तेव्हा अण्णांनी माझ्याशी पहिल्यांदा हात मिळवला.

स्टेडियमच्या आत मी एकदाच गेलो, 14 ऑक्टोबरला, इंडियाना विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला. आभाळ आलं होतं म्हणून छत्री घेतली, ती दारातूनच परत. चालतच नाही म्हणे. बाहेरून बघितलं तर एवढ्या गाजलेल्या स्टेडियमची उंची काहीच वाटेना. आत पाऊल टाकलं आणि पायाखालची जमीन एकदम खाली उतरत गेली. 1927 साली बांधताना बहुतेक सगळं जमिनीत खोदून काढलंय. मला खासबाग आठवलं. शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान असंच खोलगट करून घेतलं, की शेवटच्या माणसालाही हौदातला डाव दिसावा. इथं तोच हिशोब, फक्त माणसं 1 लाख 7 हजार 601 बसतात. शेवटचा तो एक, फ्रिट्झ क्रिस्लर नावाच्या जुन्या प्रशिक्षकाच्या मानाची जागा. ती नेमकी कुठली हे कुणी सांगत नाही. गावाची लोकसंख्याच सव्वा लाखाच्या आत-बाहेर, म्हणजे गाव उचलून खड्ड्यात ठेवल्यासारखं. रंग दोनच, निळा आणि पिवळा. पिवळ्याला ते लोक मक्याचा पिवळा म्हणतात आणि नुसता पिवळा म्हटलं की दुरुस्त करतात. सामन्याआधी बँडचा म्होरक्या पाठीमागं असा कमानीसारखा वाकला की डोकं जमिनीला टेकलं. माझी कंबर इकडं उगाच दुखली.

आणि पहिला घाव इंडियानानं घातला. त्यांनी बॉल भलत्याच गड्याकडून फेकवून घेतला, सगळे फसले, 7-0. अख्खं खोरं गप्प. मला ती हातचलाखी मनापासून आवडली, पण टाळी वाजवायची सोय नव्हती. त्यानंतर मिशिगननं 52 गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. एकतर्फी सामना कुठल्याही देशात कंटाळवाणाच.

खरी गंमत नोव्हेंबरात आली. मिशिगनचे प्रशिक्षक जिम हार्बॉ. त्यांना सीझनचे पहिले तीन सामने विद्यापीठानंच बाहेर बसवलं होतं, खेळाडू भरतीच्या नियमभंगावरून. आता नवं प्रकरण. तेव्हा मैदानाबाहेरून खेळाडूंना हातवाऱ्यांनी डाव सांगायचे. सामना चालू असताना समोरच्याच्या खुणा ओळखल्या तर चालतं, पण त्या टिपायला त्यांच्या आधीच्या सामन्यांना माणूस पाठवायचा नाही, असा नियम. मिशिगनच्या एका कर्मचाऱ्यानं नेमका तोच उद्योग मांडल्याचा आरोप झाला. 10 नोव्हेंबरला, पेन स्टेटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, मिशिगन ज्यात खेळतं त्या बिग टेन ह्या विद्यापीठांच्या संघटनेनं हार्बॉंना नियमित सीझनच्या उरलेल्या तीन सामन्यांना मैदानावर यायला बंदी घातली. आठवडाभर सराव घ्या, शनिवारी घरी बसा. अण्णा रागानं लालबुंद. मी त्यांना म्हणालो, नियम मोडला असेल तर शिक्षा हवीच की. त्यावर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. पण आदल्या दिवशी, हे काही मलाही पटलं नाही.

तो पेन स्टेटचा सामना आम्ही घरी बघितला. प्रशिक्षकाच्या जागी सहायक प्रशिक्षक शेरोन मूर उभे. मिशिगननं सलग 32 वेळा बॉल घेऊन नुसती धाव मारली. फेकणं नाही, हातचलाखी नाही; समोरच्याला माहीत आहे हे पळणार, तरी हे पळतायत. 24-15 जिंकले. आणि मूर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले. चाळिशीच्या आतला धिप्पाड माणूस लेकरासारखा रडताना बघून सूनबाईनं टीव्हीचा आवाज कमी केला. त्या दिवशी मी त्यांच्या बाजूचा झालो.

त्या तीनांतला शेवटचा सामना 25 नोव्हेंबर, शेजारच्या ओहायोतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाशी, घरच्या मैदानावर. ही ईर्षा आपल्याला शिकवायला नको. 1835 साली टोलीडो गावाच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो बंदुका घेऊन समोरासमोर उभे राहिले होते. सीमावाद! बेळगावच्या शेजारी वाढलेल्या माणसाला अण्णांनी अर्धा तास समजावून सांगितला, मी दोन मिनिटांत समजून बसलो होतो. मिशिगन आधीची दोन वर्षं जिंकलेलं, आणि त्या दिवशी दोघंही त्या सीझनमध्ये अजिंक्य. पुठ्ठ्यावर 40 खोडून 80 झालं होतं.

तिकिटाचा भाव ऐकून आम्ही टीव्हीपुढं बसलो. थंडी होती, तरी नातवानं खिडकी बोटभर उघडी ठेवली. कारण त्यानंच शोधून काढलं होतं: टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागं असतं. गर्जना आधी खिडकीतून येते, गुण मग टीव्हीवर दिसतो. मला लहानपण आठवलं. पैसे नसले की आम्ही स्टेडियमच्या बाहेर उभं राहून नुसत्या आवाजावरून कोण चढलं ते सांगायचो.

तिसऱ्या भागात, 17-17 असताना, मिशिगनचा झॅक झिंटर पडला. 65 नंबरचा दांडगा गडी, पाय मोडला. टीव्हीत दिसायच्या आधी खिडकीतली शांतता आली. एक लाखाच्या वर माणसं गप्प बसली की कसं वाटतं ते मला लिहिता येणार नाही. रस्त्यावरचं कुत्रं ऐकू आलं एवढं सांगतो. त्याला गाडीवरून बाहेर नेलं. टीव्हीवर अजून खेळाडू रांगेत उभे राहत होते, तोवर खिडकीची काच थरथरली. मग दिसलं: ब्लेक कोरम बॉल घेऊन 22 यार्ड सरळ आत. आणि त्यानं बोटांनी खूण केली, सहा, पाच.

शेवटी ओहायो सहा गुणांनी मागं, बॉल त्यांच्याकडं, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ. नातू टीव्हीकडं पाठ करून खिडकीशी गेला. मीही गेलो. गर्जना आली. आम्ही दोघं नाचलो, आणि सूनबाई ओरडत होती, "अहो काय झालं, अजून काही झालंच नाही!" मग तिच्यासमोर मिशिगनच्या रॉड मूर नावाच्या गड्यानं ओहायोनं फेकलेला बॉल हवेतच पकडला. 30-24.

डिसेंबरात मी परत आलो. पुढचं सगळं अवेळी. अलाबामाशी झालेला उपांत्य सामना, म्हणजे रोझ बाउल, आपल्या पहाटे साडेतीनला सुरू झाला आणि जादा वेळेत 27-20 असा सुटला. अंतिम सामना 9 जानेवारीला सकाळी सहाला, ह्यूस्टनहून, वॉशिंग्टनविरुद्ध. बायको म्हणाली, दूध उतू जातंय. गेलंच. 34-13, पंधरापैकी पंधरा. त्याच महिन्यात हार्बॉ व्यावसायिक संघाकडं निघून गेले. अण्णांनी मुलाकरवी एक संदेश पाठवला, तो इथं छापण्यासारखा नाही.

निघताना त्यांनी मला लोकरीची टोपी दिली होती, मक्याच्या पिवळ्या रंगाची. परवा शाहू स्टेडियमवर थंडीची घालून गेलो. मागच्या पायरीवरच्या पोरानं खांद्याला हात लावून विचारलं, "काका, ह्यो रंग कुठल्या तालमीचा?"