तुम्ही विचारलंत म्हणून: तयार गाडी का नाही घेत?

"काकू, अशा गाड्या तयार मिळतात की! मग महिनोन्‌महिने तुकडे कशाला चिकटवत बसता?" कपाटातली जॅग्वार ई-टाइप, म्हणजे त्या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचं किटमधले सुटे भाग जोडून मी केलेलं छोटं मॉडेल, पाहिली की हा प्रश्न येतोच. चहाच्या गडबडीत उत्तर अर्धंच दिलं जातं, म्हणून आज नीट सांगते.

तयार मॉडेलमध्ये गाडी कशी दिसते ते कळतं. ती तशी का दिसते, हे मला ती जोडताना कळलं. दिवाळीत प्लास्टरचा आयता किल्ला आणून मांडणारं पोर आणि माती कालवून बुरूज थापणारं पोर यांच्यात जो फरक, तोच इथे.

ई-टाइप जगापुढे आली मार्च १९६१ मध्ये, जिनिव्हाच्या प्रदर्शनात. ते लांबलचक नाक, पार मागे सरकलेली बैठक ही सगळी देखणेपणाची हौस, असं मला वाटायचं. तिचा आकार आखणारे माल्कम सेयर आधी विमानाच्या कारखान्यात होते आणि वक्ररेषा गणिताने काढायचे, हेही वाचलेलं होतं. पण किट हातात घेतल्यावर ते वाचलेलं जागेवर बसलं. आधी मधला भाग होतो, माणसं बसतात तो. मग त्याच्या पुढे नळ्यांची चौकट लागते आणि इंजिन त्या चौकटीत जातं. खऱ्या गाडीतही तसंच आहे: पत्र्याचा एकसंध सांगाडा आणि त्याला बोल्टने कसलेली चौकोनी नळ्यांची चौकट. नळ्या रेनॉल्ड्स या इंग्लिश कंपनीच्या, सायकलींच्या फ्रेमसाठी नावाजलेल्या. जुन्या सायकलवाल्या पुण्यात हे ऐकून कुणाचेही कान टवकारतील! ही बांधणी आली जॅग्वारच्याच शर्यतीच्या गाडीवरून, डी-टाइपवरून, जिने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षं फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत मारली होती.

आता इंजिन. ३.८ लिटर, सहा सिलिंडर एकाच ओळीत. म्हणून नाक लांब. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, १०६ मिलिमीटरचा आणि माथ्यावर झडपा उघडणारे दोन कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिन चांगलं उंच. बॉनेट मात्र हवा कापायला खाली हवं. मग मधोमध फुगवटा काढला. पेंट न केलेलं बॉनेट पहिल्यांदा इंजिनावर ठेवून पाहिलं तेव्हा तो फुगवटा नेमका इंजिनाच्या डोक्यावर आला, आणि मी कितीतरी वेळ ते नुसतं उघडझाप करत बसले. तोवर तो फुगवटा मला नक्षी वाटत होता.

या गाडीचं बॉनेट आणि पुढची दोन्ही मडगार्डं मिळून एकच मोठा तुकडा आहे, तो पुढच्या बाजूला कलंडून उघडतो. म्हणून खरी कसोटी तिथेच लागते. माझं मॉडेल १:२४ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचं; त्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या गाडीच्या हिशेबात ती १२ मिलिमीटरची! त्यामुळे चिकटवण्याआधी लावून बघायचं, वॉटर पेपरने जरासं घासायचं, पुन्हा लावायचं. माझा सगळ्यात जास्त वेळ यात जातो, आणि तो मला अजिबात वाया गेल्यासारखा वाटत नाही.

हेडलाइटवरच्या पारदर्शक झाकणांना सुपरग्लू लावू नका. त्याच्या वाफेने प्लास्टिक पांढुरकं होतं. आपला साधा फेव्हिकॉल सुकल्यावर पारदर्शक होतो, तो पुरतो.

जॅग्वार २००८ पासून टाटांकडे आहे आणि तिच्या अलीकडच्या काही गाड्यांची जुळणी पुण्यातही झाली आहे, याची आठवण पाहुणे आवर्जून करून देतात. मला त्याचा आनंद आहेच. पण माझं मन अडकलंय त्या जुन्या नळ्यांच्या चौकटीत.

हल्ली पुढचा प्रश्न असतो, "मला जमेल का?" जमेल. फक्त आत इंजिन असलेला आणि बॉनेट उघडणारा किट निवडा. बॉनेट बंद असलेले किट सोपे असतात, पण इतका वेळ जे सांगितलं ते त्यांत दिसणारच नाही. सुरुवात पावसाळ्यात केलीत तरी चालेल. खुर्च्या, इंजिन, तारांची चाकं ब्रशने रंगवून घ्या. बॉडीवर लॅकर (झटपट सुकणारा चकचकीत रंग) मात्र जुलै-ऑगस्टमध्ये मारू नका, दमट हवेत त्यावर पांढरट झाक येते. तेवढं काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, पातळ थर देत करा.